मदत हवी आहे: सातवा महिना, स्वादुपिंडाला सूज आणि शुगर

नमस्कार. धाकट्या बहिणीला सातवा महिना चालू आहे. शुगर लग्नाआधीपासूनच, इन्सुलिनवर आहे. गेल्या आठवड्यात वरच्या पोटात दुखायला लागलं, कळ थेट पाठीत जायची, उलट्या थांबेनात. घरात सगळे पित्तच समजत होते. साताऱ्यात रक्त काढलं तर नळीत वरचा थर दुधासारखा पांढरा! ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) हजाराच्या कितीतरी वर, लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) वाढलेलं, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, आणि लघवीत किटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते). शुगर मात्र 210च होती. गरोदरपणात एवढ्या शुगरलाही किटोअ‍ॅसिडोसिस (किटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

आता पुण्यात आयसीयूत आहे. सलाइन, इन्सुलिनचं ड्रिप (त्यानेच ट्रायग्लिसराइडही उतरतात म्हणे), पोटॅशियम सारखं तपासतात. बाळाचे ठोके ठीक आहेत.

कुणाच्या घरी असं झालंय का? प्लाझ्मा एक्सचेंज (यंत्राने रक्तातला चरबी असलेला द्रव काढून बदलणं) करावं लागलं का, खर्च साधारण किती आला? बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर शुगर पुन्हा चढेल असं म्हणतात, ते दिवस कसे काढलेत? आणि घरी आल्यावर जेवणाचं काय? आईने आत्ताच साजूक तूप कढवून ठेवलंय, तिला कोण समजावणार! गरोदरपणातला मधुमेह आणि कमी स्निग्ध आहार दोन्ही सांभाळणाऱ्या पुण्यातल्या आहारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया कळवा.

काढे, कारल्याचा रस वगैरे नका सुचवू. उपचार डॉक्टर सांगतील तेच चालू राहतील, मला फक्त अनुभव हवे आहेत.