मदत हवी आहे : बंदरातील खाऱ्या पाण्याची तपासणी आणि नमुने घेण्याची वेळ

नमस्कार,

मी जालन्यातील एका पर्यावरण प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आहे. पोलाद कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुराची मोजणी, विंधन विहिरींच्या पाण्यातील क्षार आणि गोदावरीच्या पात्रातील नमुने हे आमचे नेहमीचे काम. आता मात्र कोकण किनाऱ्यावरील एका मालवाहू बंदराच्या पर्यावरण देखरेखीचे काम आमच्याकडे येऊ घातले आहे. तेथे कोळसाही उतरतो आणि जहाजांच्या वाटेची खोली राखण्यासाठी गाळही उपसला जातो. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो, आणि त्यातील पाण्याचे आकडे आमच्या सहीने जाणार असल्यामुळे जाणकारांना विचारूनच हात घालावा असे वाटते.

हवेच्या भागाची मला फारशी चिंता नाही. पीएम १० (हवेतील १० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) साठी चोवीस तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि पीएम २.५ साठी ६० ही २००९ ची मानके तेथेही तीच आहेत. खारे वारे आणि मतलई वारे यांमुळे दिवसा व रात्री वाऱ्याची दिशा उलटते, हे यंत्रांच्या जागा ठरवताना ध्यानात ठेवू.

खरी अडचण पाण्याची आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. सीओडीच्या (पाण्यातील पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या प्राणवायूच्या) डायक्रोमेट पद्धतीत या क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण होते आणि आकडा खोटा फुगतो. क्लोराइड साधारण २,००० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असेल, तरच मर्क्युरिक सल्फेट घालून ही बाधा आवरता येते. आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की, नमुना दहापट पातळ करावा. पण मुळात सीओडीच कमी असेल, तर पातळ केल्यावर तो पद्धतीच्या मोजमाप मर्यादेखाली जाईल आणि शेवटी दहाने गुणताना चूकही दहापट होईल. बंदराने दिलेल्या तक्त्यात सीओडीचा रकाना तर आहेच. तेथे काय लिहावे?

दुसरा प्रश्न वेळेचा. आम्हाला पाहायला मिळालेल्या जुन्या अहवालांत प्रत्येक ठिकाणाचा एकच नमुना आहे. तारीख आहे, पण पाणी चढत होते की उतरत होते याची नोंद नाही. पावसाळ्यात खाडीचे पाणी मुळातच गढूळ असते, मग गाळ उपसल्यामुळे वाढलेला गढूळपणा वेगळा कसा ओळखावा? आणि नमुने समृद्धी महामार्गाने जालन्याला आणून तपासणे चालेल का?

प्रतिसाद १

मी किनाऱ्यावरील एका बंदराच्या पर्यावरण विभागात काम केले आहे, त्या आधारे लिहितो.

सीओडीबाबतची आपली शंका रास्त आहे. किनारी पाण्याच्या मानकांत बंदराचे पाणी एसडब्ल्यू-४ या वर्गात येते. त्यात विरघळलेला प्राणवायू, बीओडी (जिवाणूंना सेंद्रिय पदार्थ कुजवताना लागणारा प्राणवायू), सामू (पीएच), तेल व तरंगते पदार्थ, विष्ठाजन्य जिवाणू यांच्या मर्यादा आहेत, सीओडीची नाही. म्हणून त्या रकान्यात कारणासह ‘लागू नाही’ लिहावे, हवे तर एकूण सेंद्रिय कार्बन मोजून जोडावा, आणि हा बदल काम सुरू होण्यापूर्वीच बंदराकडून लेखी मान्य करून घ्यावा. नंतर घातलेला वाद कोणी ऐकत नाही.

प्राणवायूची मर्यादा ३ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा ४० टक्के संपृक्तता (त्या पाण्यात जास्तीत जास्त मावणाऱ्या प्राणवायूच्या ४० टक्के) अशी आहे. ती टक्केवारी गोड्या पाण्याच्या तक्त्यावरून काढू नये. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात ६.३ च्या आसपास. म्हणून क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) त्याच वेळी मोजलीच पाहिजे.

प्रत्येक ठिकाणी भरती व ओहोटी अशा दोन्ही वेळी, पृष्ठभागाचा आणि तळालगतचा नमुना घ्यावा, आणि उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) व भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) या दोन्ही काळांतील नोंदी असाव्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरून वेळ व पाण्याची उंची प्रत्येक नमुन्यासमोर लिहावी. गढूळपणासाठी उपसा सुरू होण्याआधीच्या नोंदी आणि उपशाचा गढूळ पट्टा पोहोचत नाही असे एक तुलनेचे ठिकाण, दोन्ही लागतील. तुलनेचे ठिकाण निवडताना घाई करू नये. ते नदीच्या मुखाशी पडले, तर पावसाळ्यात सगळी तुलना फसते. धातूंसाठी पाण्यापेक्षा तळाचा गाळ अधिक बोलका असतो, कारण धातू बारीक कणांना चिकटून राहतात. पाण्यात ते इतके कमी असतात की मिठाची बाधा काढल्याशिवाय यंत्रावरचा आकडा विश्वासार्ह नसतो.

जिवाणूंचे नमुने जालन्याला मुळीच नेऊ नयेत. काही तासांत तपासणी सुरू होईल अशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा किनाऱ्यावरच शोधावी. बीओडीही तेथेच लावावा. विरघळलेल्या प्राणवायूचा नमुना नावेवरच रसायने घालून स्थिर करावा. धातूंचे नमुने नायट्रिक आम्ल घालून आरामात जालन्यापर्यंत येतील.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘लागू नाही’ची बाब प्रस्तावातच घालतो. एवढेच विचारायचे राहिले : एकाच नावेने सर्व ठिकाणे फिरताना शेवटच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत भरतीची ओहोटी किंवा ओहोटीची भरती झालेली असते. अशा वेळी आपण दोन नावा घेत होतात, की ठिकाणे दोन दिवसांत विभागत होतात?

प्रतिसाद १

दोन नावा. खर्च वाढतो, म्हणून दरपत्रकात तो वेगळा दाखवावा. दोन दिवसांत विभागल्यास भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे धरून दुसऱ्या दिवशी उशिरा निघावे लागते, आणि मधल्या काळात पाऊस झाला तर दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.