हीटरचा पंखा फक्त ४ नंबरवर फिरतो. जुन्या ट्रकसाठी कुठला रेझिस्टर घ्यावा?

प्रश्न

ट्रक १९९४ चा, डिझेल, १२ व्होल्टचा. आधी वडील चालवायचे, आता मी चालवतो. थंडीत पहाटे निघालं की समोरची काच आतून धुरकटते, त्यामुळे हीटरशिवाय गाडी काढताच येत नाही. दोन महिन्यांपूर्वी ब्लोअरचे १, २, ३ हे तिन्ही स्पीड एकाच दिवशी बंद पडले. ४ वर मात्र पंखा सुसाट. रेझिस्टर (पंख्याचा करंट कमी करून स्पीड उतरवणारा पार्ट) गेला असं कळलं. मॉडेल आणि साल सांगून मागवला, तर त्याला ५ पिना निघाल्या आणि माझ्या कनेक्टरला घरं ४. तो परत केला. दुसरा नीट बसला, चाललासुद्धा, आणि तेराव्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी कनेक्टरचं एक घर तपकिरी पडलंय. मला पार्ट चुकीचा मिळतोय की दुसरंच काही बिघडलंय? रेझिस्टर काढून थेट वायर मारून टाक, असंही एकाने सांगितलं, पण मन धजावत नाही.

उत्तर १

थेट वायर अजिबात मारू नका. रेझिस्टरच्या पट्टीवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो, म्हणजे जास्त तापला की सर्किट तोडणारा. तो आगीपासून वाचवायलाच ठेवलेला आहे.

तिन्ही स्पीड एकदम गेले हे तुम्ही लिहिलंत, त्यावरूनच बरंच कळतं. रेझिस्टरमधल्या तारा एकापुढे एक जोडलेल्या असतात. १ वर करंट सगळ्यांतून जातो, २ वर एक तार कमी, ३ वर आणखी एक कमी. ४ ला रेझिस्टर मध्ये येतच नाही, मोटरला सरळ पुरवठा मिळतो. १ नंबरचीच तार तुटली असती तर फक्त १ गेला असता. तिन्ही एकत्र गेले म्हणजे बहुतेक हा थर्मल फ्यूज उडाला. तो उडतो तापल्यामुळे. म्हणून पार्ट शोधण्याआधी रेझिस्टर कशामुळे तापतो, ते शोधा, नाहीतर तिसराही जाईल.

माझ्या हातून असे खूप ट्रक गेलेत. कारण जवळजवळ दरवेळी दोनांपैकी एक असतं. एक, मोटरचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती बाही) सुकलेला असतो, मोटर जड फिरते आणि जास्त करंट ओढते. दोन, हवा कमी पडते. रेझिस्टर मुद्दाम पंख्याच्या वाऱ्यात बसवलेला असतो, तोच वारा त्याला थंड ठेवतो. वायपरखालच्या जाळीतून पाला आत गेला किंवा उंदराने घर केलं की वारा अडतो. मोटर खाली उतरवा, पंखा बोटाने फिरवा. सोडल्यावर तो थोडा वेळ आपणहून फिरत राहायला हवा. जागच्या जागी थांबला तर मोटर संपली.

करंट मोजायचा तर डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा) घ्या. साध्या मीटरचं करंटचं घर बहुधा १० अँपिअरचं असतं आणि ब्लोअर त्याहून जास्त ओढू शकतो.

तपकिरी पडलेला कनेक्टर वायरीच्या तुकड्यासकट बदला. सैल टर्मिनल स्वतः तापतं आणि नव्या पार्टलाही तापवतं.

आता पार्ट. सालावर जाऊ नका. मॉडेल वर्ष आणि गाडी प्रत्यक्ष बनली तो महिना यांत फरक पडतो, आणि पार्ट वर्षाच्या मध्येही बदलतात. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना असतो, तो आणि चासी नंबर द्या. सगळ्यात महत्त्वाचं, गाडी एसीची आहे की बिनएसीची ते सांगा. दोन्हींची हीटरची पेटी वेगळी असू शकते, आणि पेटी वेगळी तर मोटर, रेझिस्टर, हीटर कोअर (गरम कूलंट फिरणारा हीटरचा छोटा रेडिएटर) सगळं वेगळं. प्लग तोच असला तरी आतल्या तारांचा रोध वेगळा असू शकतो. जुन्या पट्टीवर नंबर कोरलेला असेल तर तोच खरा.

उत्तर २

मोटर घ्यायची वेळ आली तर शाफ्टची जाडी आणि फिरण्याची दिशा जुन्याशी ताडून बघा. उलट फिरणारी मोटर बसते बरोबर, पण वारा नीट फेकत नाही. मी एकदा अख्खा रविवार त्यात घालवलाय. आणि एवढं उघडताच आहात तर हीटर कोअरही बदलून टाका.

उत्तर १

कोअर उगीच काढू नका, त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागू शकतो. इंजिन गरम झाल्यावर कोअरच्या दोन्ही होसना जपून हात लावा. दोन्ही गरम तर कोअरमधून पाणी फिरतंय. एक गरम आणि एक थंड असेल तर कोअर तुंबलाय किंवा व्हॉल्व्ह बंद आहे. केबिनमध्ये कूलंटचा गोडसर वास किंवा काचेवर चिकट थर आला तर मात्र कोअर गळतोय.

प्रश्नकर्ता

काल सगळं उघडलं. पेटीत ओंजळभर पाला होता, आणि पंखा बोटाने ढकलला तर अर्ध्या फेरीत थांबला. ४ नंबरवर क्लॅम्प मीटरने २६ अँपिअर दाखवले. ब्लोअरचा मुख्य फ्यूज ३० चा, म्हणून तो कधी उडला नाही. नवी मोटर १५ ओढते. दोन्ही होस गरम आहेत, कोअरला हात लावला नाही.

एसीचं तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. वडिलांनी एसीचा कॉम्प्रेसर कधीच काढून टाकला होता, म्हणून मी बिनएसी सांगत होतो. पण पेटी एसीचीच आहे. खाली पाणी निथळायची नळी दिसली तेव्हा उलगडा झाला. मूळ पट्टीवरचा नंबर ब्रशने घासल्यावर वाचता आला, त्यावरून मागवला. ४ पिना, कनेक्टरही नवा टाकला. आज पहाटे २ नंबरवरच काच स्वच्छ झाली.

उत्तर १

आठवडाभराने अर्धा तास ब्लोअर चालवून कनेक्टरला हात लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर टर्मिनल पुन्हा घट्ट करायला हवं. आणि वायपरखालच्या त्या जाळीला बारीक जाळीचा एक तुकडा लावून घ्या.