बँकॉकमध्ये सहा महिने, स्थानिक माणसाच्या खर्चात

प्रश्न
सहा महिने बँकॉकला राहायचं आहे, ऑफिस असोकला. शाकाहारी, पण अंडं चालतं. रामखामहेंग भागातल्या खोल्या स्वस्त दिसतात. जाहिरातीतल्या भाड्यावर आणखी किती धरायचं? जेवण आणि येण्याजाण्याचं काय?

प्रतिसाद १
भाडं राहू द्या, आधी विजेचा दर विचारा. सरकारी वीज युनिटला साधारण 4 ते 5 बाथ पडते, पण बऱ्याच अपार्टमेंटचे मालक स्वतःचे मीटर बसवून 7-8 बाथ लावतात. हिशोब असा: छोटा एसी रात्री 8 तास चालला की अंदाजे 5 युनिट. 8 बाथनं रोजचे 40, महिन्याला 1200, आणि ते फक्त झोपेचे! घरमालकाची स्वतंत्र कॉन्डो (इमारतीतला एका मालकाचा फ्लॅट) असेल तर बिल बहुधा थेट वीज कंपनीचं येतं, मग भाडं थोडं जास्त असलं तरी परवडतं. पंख्याची खोली सगळ्यात स्वस्त, पण एप्रिलमध्ये तिथं झोप लागणं कठीण.

डिपॉझिट सहसा दोन महिन्यांचं, वर एक महिना आगाऊ. करार बहुतेक वर्षाचा असतो. मध्येच सोडलात तर डिपॉझिट गेलं म्हणून समजा, त्यामुळे सहा महिन्यांचा करार आधीच लिहून घ्या. ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा आणि भिंतीवरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढा. डिपॉझिटवरची भांडणं तिथूनच सुरू होतात.

प्रतिसाद २
जेवणासाठी 'खाओ केंग'ची दुकानं शोधा. काचेमागे भाज्यांची ताटं मांडलेली असतात, बोट दाखवायचं आणि ते भातावर वाढून देतात. दुपारी दोननंतर तळाशी राहिलेलंच मिळतं, लवकर जा.

शाकाहाराची खरी अडचण मांस नाही, नाम प्ला! हा माशांचा सॉस दिसत नाही आणि साध्या पालेभाजीतही पडतो. वर ऑयस्टर सॉस. 'माई साइ नाम प्ला' (नाम प्ला घालू नका) म्हणायला शिका. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'เจ' (जे, म्हणजे कडक शाकाहारी) दिसलं तर निर्धास्त खा. तिथं कांदा-लसूणही नसतो, अंडंही नाही.

पिण्याचं पाणी गल्लीतल्या यंत्रातून भरा, लिटरला साधारण 1 बाथ. यंत्र कळकट दिसलं तर पुढचं बघा.

प्रतिसाद ३
रामखामहेंगहून असोकला सेन सेप कालव्याची बोट घ्या, जिथं बोट बदलते त्या प्रातुनाम धक्क्याच्या अलीकडेच उतरायचं असल्यानं बोट बदलावी लागत नाही. ट्रॅफिकशी संबंध नाही आणि तिकीटही मेट्रोहून स्वस्त. बोट धक्क्याला काही सेकंदच टेकते, दोर धरून पटकन आत. कंडक्टर बाहेरच्या कडेवरून चालत पैसे घेतो, 20 च्या नोटा जवळ ठेवा. कडेला बसलात तर ताडपत्रीची दोरी ओढायची जबाबदारी तुमची. कालव्याचं पाणी तोंडावर उडणं काही बरं नव्हे. असोकच्या धक्क्यावरून सुखुमवित या मुख्य रस्त्याला मेट्रोचं एक स्टेशन किंवा चालत पंधरा-वीस मिनिटं. रात्री उशिरा बोट नसते, तेव्हा बसच.

प्रश्नकर्ता
खोलीत स्वयंपाक?

प्रतिसाद २
स्वस्त खोल्यांत बहुधा ओटा नसतो आणि गॅसला बंदी असते. राइस कुकर चालतो, खिचडी त्यातच लावा. सोललेली मुगाची डाळ तिथल्या गोड पदार्थांत लागते, त्यामुळे सुपरमार्केटात सहज मिळते. तुरीसाठी मात्र फाहुरात, म्हणजे तिथली भारतीय वस्ती, गाठावं लागेल.