मदत हवी आहे: शहीद जवानांविषयी मुलांशी कोण बोलेल?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात आठवीला इतिहास शिकवते. यंदा १६ डिसेंबरचा विजय दिवस नुसता हार घालून, भाषण करून उरकायचा नाही, असं शाळेत ठरलंय. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पुण्यातच जन्मले आणि १९७१ च्या भारत-पाक युद्धात बसंतरच्या लढाईत २१ व्या वर्षी धारातीर्थी पडले, हे सांगितल्यावर एकीने विचारलं, "बाई, त्यांच्या आईला कुणी कळवलं?" अशा प्रश्नांना पुस्तकातून उत्तर देता येत नाही.

कुणाच्या ओळखीत निवृत्त सैनिक किंवा, त्यांची मनापासून तयारी असेल तरच, वीरपत्नी आहेत का? कॅम्पातल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातही मुलांना न्यायचंय. तिथल्या विमानासमोर फोटो काढून परत, असं मात्र नको. शाळेसाठी आधी परवानगी लागते का?