एअर फ्रायरमध्ये भरली मशरूम : वाटीत तळं साचतंय, काय चुकतंय?

निवृत्त_फ्यूज (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. वीज मंडळात छत्तीस वर्षं काढून आता घरी बसलोय. दिवाळीत लेकीने एअर फ्रायर आणून दिला, चार लिटरचा, १४०० वॅटचा. बायकोने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "हे तुमच्या खात्यातलं यंत्र, मी हात लावणार नाही." तेव्हापासून प्रयोग माझे आणि नोंदी माझ्या वहीत. भेंडी जमली, रताळ्याच्या काचऱ्या जमल्या, सुरणसुद्धा जमलं. पापड मात्र करू नका. पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि वर तापलेल्या कॉइलला जाऊन भिडतो. स्वानुभव.

घोडं अडलंय भरल्या मशरूमवर. येत्या शनिवारी ऑफिसातले तिघे जुने सोबती मेंढीकोट खेळायला येणार आहेत. त्यातल्या एकाची अँजिओप्लास्टी झालीय, म्हणजे भजी-वडे बाद. दुसरा माळकरी. म्हटलं, हॉटेलात सुरुवातीला देतात तसली मशरूम करून चकित करू. दोनदा केली, दोनदा फसली. वहीतलं जसंच्या तसं देतो.

पहिला प्रयोग : बटण मशरूमचं एक पाकीट, तेरा नग. नळाखाली धुतली, देठ उपटून टाकले. सारणात कुस्करलेलं पनीर, कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. वर क्यूबचं चीज किसून. २०० डिग्री, १० मिनिटं. निकाल : अर्धं चीज काळं, अर्धं उडून बास्केटच्या भिंतींना. प्रत्येक वाटीत पाणी आणि त्यात पनीर तरंगतंय. मशरूम दाताखाली रबरासारखं.

दुसरा प्रयोग : तेच सारण, १६० डिग्री, १८ मिनिटं. करपलं नाही, पण मशरूम आक्रसून सुपारीएवढी झाली, सारण बाहेर ढकललं गेलं, आणि जाळीखाली काढ्यासारखं करडं पाणी.

हे पाणी येतंय कुठून? तापमान चुकतंय की वेळ? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो काढावा असं काही झालेलं नव्हतं.

चकलीचा_सोऱ्या

फोटो नाही तर धागा बाद! :) गंमत केली काका. पण सरळ कढईत चमचाभर तेलावर परता की. कशाला ते यंत्र?

निवृत्त_फ्यूज

कढई बायकोच्या ताब्यात आहे.

शेवग्याची_शेंग (नाशिक)

फ्यूजराव, तापमान नाही, वेळ नाही, तुमचा क्रम चुकलाय. मी घरून भिशीच्या, वाढदिवसाच्या ऑर्डरी घेते. मशरूमच्या पहिल्याच ऑर्डरीत माझे चाळीस नग असेच बुडाले होते आणि ऐन वेळी त्यांची भाजी करून पाठवावी लागली होती, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

मशरूममध्ये शंभरात नव्वदहून जास्त पाणीच असतं. ते बाहेर येणारच. तुम्ही सारण भरून वाटी उताणी ठेवलीत, मग ते जाणार कुठे? वाटीतच साचणार. म्हणून मशरूम आधी रिकामी भाजायची, आणि तीही पालथी. बाहेरून तेलाचा हात फिरवा, मीठ अजिबात नको. १८० डिग्रीवर पाच मिनिटं, एकमेकांना न टेकता. तेरा नग एका घाण्यात बसत नसतील तर दोन घाणे करा. काढल्यावर उताणी करून आतला ओलावा कागदाने टिपा. जाळीखाली जे पाणी पडेल ते फेकू नका, आमटीत घाला.

आता सारण. देठ टाकून दिलेत हे वाचून जीव हळहळला, चव त्यातच असते! देठ अगदी बारीक चिरा, कांदा-लसणाबरोबर चमचाभर तेलावर परता. आधी खदखद आवाज येईल, म्हणजे अजून पाणी आहे. तो थांबून चर्र आवाज यायला लागला की गॅस बंद. मीठ त्यानंतर, कारण मीठ पडलं की पुन्हा पाणी सुटायला सुरुवात. सुटं पनीर आणत असाल तर फडक्यात पिळून घ्या. आणि माझी खरी युक्ती : पाकीटभर मशरूमच्या सारणाला दीड चमचा थालीपीठाची भाजणी. ती भाजलेलीच असते, त्यामुळे कच्ची लागत नाही, उरलासुरला ओलावा शोषते आणि वर धने-जिऱ्याचा वास येतो तो वेगळाच. भाजणी नसेल तर पंढरपुरी डाळं मिक्सरला फिरवून घ्या. ब्रेडचा चुराही चालतो, पण मला तो बेचव वाटतो.

भरून पुन्हा १८० वर पाच-सहा मिनिटं. चीज शेवटच्या दोन मिनिटांत, तेही किसून भुरभुरायचं नाही, चपटा तुकडा सारणावर दाबून बसवायचा. कोथिंबीर बाहेर काढल्यावर. आत घातलीत तर तीही पापडाच्या वाटेने जाईल.

पाव_शेर

मूळ चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटलीय. मशरूम धुवायची नसतात! स्पंजसारखं पाणी पितात. ओल्या फडक्याने फक्त पुसायची.

शेवग्याची_शेंग (नाशिक)

कंपोस्टवर वाढलेली वस्तू मी तरी धुतल्याशिवाय पाहुण्यांना देत नाही. भिजत घालू नये हे मान्य. भराभर धुवून लगेच पुसायची. फ्यूजरावांकडे काटा असेलच, त्यांनीच वजन करून निवाडा द्यावा.

तिखट_जाळ (चंद्रपूर)

विषय थोडा सोडून. काकाजी, आमच्याकडे पावसाळ्यात वारुळांवर टेकोडे उगवतात. ती बुरशी वाळवीच आपल्या वारुळात पोसते, म्हणून त्यांची बटण मशरूमसारखी लागवड जमत नाही. आई लसूण, तिखट आणि मीठ एवढ्यावरच करायची, आणि ते बाजारात आले की घरात मटणाचं नाव निघायचं नाही. ते मिळाले तर कृपा करून यंत्रात घालू नका. आणि पाऊस पडला म्हणून डोंबिवलीच्या मैदानातली कुत्र्याची छत्रीही उपटून आणू नका. ओळख असल्याशिवाय रानातलं काही खायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगतात.

डेल्फ्टचा_डबा (नेदरलँड्स)

इथे तपकिरी बटण मशरूम सहज मिळतात, त्यांना पाणी किंचित कमी सुटतं असा माझा अनुभव. पांढरी, तपकिरी आणि तळहाताएवढी पोर्टोबेलो ही तिन्ही एकाच जातीची. भरायला टोपी तीन-चार सेंटिमीटरची आणि खालून बंद असलेली घ्या. खालचा पडदा फाटून काळे पापुद्रे दिसायला लागले असतील तर ती रश्श्याला.

दुसरं, जास्त वेळ भाजायला घाबरू नका. भाजीसारखा त्यांचा गाळ होत नाही, कारण त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं. कोलंबीच्या कवचात असतं तेच.

जाळी खराब होऊ नये म्हणून खाली कागद घालणार असाल तर पूर्ण जाळी झाकू नका, खालून वारा फिरायला जागा हवी. आणि रिकामा कागद ठेवून यंत्र तापवायचं नाही. तो वर उडून कॉइलला लागतो.

निवृत्त_फ्यूज

सर्वांचे आभार. कोलंबीची गोष्ट माळकरी मित्राला सांगणार नाही.

आता निकाल. काटा आहे, सोन्याचा नाही पण ग्रॅम दाखवतो. धुण्याआधी पाकिटातली मशरूम १९८ ग्रॅम. नळाखाली भराभर धुवून पंचाने पुसली, २०४ ग्रॅम. म्हणजे सहा ग्रॅम पाणी वाढलं, सव्वा चमचा. अंगातलं पाणी मात्र १८० ग्रॅमच्या आसपास. पाव_शेर, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सव्वा चमच्याइतकंच.

देठ काढून बारा टोप्या (एक फुटली) भरल्या १४८ ग्रॅम. पालथ्या ठेवून १८० वर पाच मिनिटं, बाहेर आल्या तेव्हा ११२. म्हणजे ३६ ग्रॅम कमी. जाळीखाली १४ ग्रॅम सापडलं, बाकी २२ ग्रॅमची वाफ झाली. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात, त्या हिशेबाने २२ ग्रॅमला ५० हजारांच्या आत-बाहेर. १४०० वॅटला हे पस्तीस सेकंदांचं काम. बाकीची साडेचार मिनिटं यंत्र काय करत होतं? थर्मोस्टॅट मधून मधून कॉइल बंद करतो, काही उष्णता मशरूम आणि बास्केट तापवण्यात जाते, उरलेली स्वयंपाकघरात. ओट्यामागची फरशी हाताला कढत लागत होती. आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही, मग आत २०० डिग्रीची हवा खेळवा नाहीतर आणखी काही. पहिल्या प्रयोगात चीज जळालं आणि मशरूम पांढरंफटक राहिलं ते यामुळेच. छत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ओलावा शिरू नये म्हणून जिवाचं रान केलं आणि मशरूमपुढे ते डोकं चाललं नाही!

सारण शेंगताईंच्या पद्धतीने. 'खदखद' आणि 'चर्र' मधला फरक ऐकायला मला श्रवणयंत्राचा आवाज वाढवावा लागला, पण तो आहे. भाजणी दीड चमचा मागितली तर बायकोने डबा पुढे करण्याआधी विचारलं, "कशात घालणार?" उत्तर ऐकून तीच ओट्याशी येऊन उभी राहिली आणि मिरची तिने चिरली. माळकरी मित्रासाठी चार नग कांदा-लसूण न घालता, नुसतं देठ, आलं-मिरची आणि भाजणीचं सारण. खरं सांगायचं तर तेच सगळ्यांत चांगले झाले होते. भरल्यावर सहा मिनिटं, पैकी शेवटची दोन चीजसह. वाटी कोरडी, तळ तांबूस. बाराच्या बारा बश्या रिकाम्या व्हायच्या आत तिघांपैकी एकाने विचारलं, "हे वांगं आहे का रे?" त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण हुकुमाचा पत्ता माझ्या हातात होता.

फोटो सोबत जोडलाय, डाव्या कोपऱ्यातलं बोट माझं.

एकच शंका राहिली. चीजचा एक ओघळ जाळीला चिकटून कडक झालाय. तारेची घासणी लावू नका असं माहितीपत्रकात लिहिलंय. मग काढू कसा?

शेवग्याची_शेंग (नाशिक)

बास्केट गार झाल्यावर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून अर्धा तास तशीच ठेवा, मग जुन्या टूथब्रशने. घाई केलीत तर लेप निघेल. आणि "बाराच्या बारा बश्या"? चौघांत बारा बश्या कशाला लागल्या?

निवृत्त_फ्यूज

नग लिहायचं होतं. ब्रश सापडला, भिजत घातलंय.