रेस ट्रॅकचा आवाज: डेसिबलची मर्यादा हवी की दिवसांचा कोटा? (ध्वनिमापक, पिटलेन आणि खिडकीबंद या तिघांची चर्चा)

ध्वनिमापक
ट्रॅकच्या आवाजाचा विषय निघाला की राजकारणी मंडळी नुसता एक आकडा फेकतात. रहिवाशांच्या बाजूचे म्हणतात ९०, ट्रॅकवाले म्हणतात १०५. मापक कुठे ठेवला होता आणि सरासरी किती वेळाची काढली, हे सांगितल्याशिवाय दोन्ही आकडे निरर्थक. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकची नेहमीची ९०-९२ ची मर्यादा धावत्या गाडीपासून ५० फुटांवरची आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १५ मीटरवर ९२ असेल तर १२० मीटरवर ७४ आणि एक किलोमीटरवर ५६ च्या आसपास. हा झाला कागदावरचा हिशोब. संध्याकाळी जमीन गार होते, वरची हवा उबदार राहते, मग आवाज वर निघून न जाता वाकून खाली वस्तीत उतरतो. वाराही तिकडचाच असेल तर विचारायला नको. म्हणून मर्यादा वस्तीच्या हद्दीवर लावावी, १५ मिनिटांच्या सरासरीने, असं माझं मत.

पिटलेन
असहमत. वस्तीतला मापक हायवे, कुत्री, गवत कापायचं यंत्र सगळंच मोजणार आणि दंड मात्र ट्रॅकला! ड्रायव्हरला पिटमधून निघण्याआधी कळलं पाहिजे की आपली गाडी नियमात बसते की नाही. त्यासाठी उभ्या गाडीची चाचणी आहेच: एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत मापक, इंजिन कमाल आरपीएमच्या पाऊणपट. दोन मिनिटांचं काम. आणि लगुना सेका १९५७ पासून चालू आहे. विमानतळाशेजारी घर घ्यायचं आणि विमानांची तक्रार करायची, त्यातला हा प्रकार.

खिडकीबंद
‘घरं नंतर आली’ हा बचाव इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच फेटाळलाय. सफोकमधल्या मिल्डनहॉलजवळच्या स्टेडियमला स्पीडवेची (मातीच्या गोल ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींची) परवानगी १९७५ मध्ये मिळाली होती, तक्रारदारांनी घर घेतलं २००६ मध्ये. तरी निकाल रहिवाशांच्या बाजूने. नियोजन खात्याची परवानगी आहे म्हणून उपद्रव कायदेशीर ठरत नाही, असंही कोर्ट म्हणालं. (बंदीच्या हुकुमाऐवजी भरपाईवर भागवण्याचा रस्ता त्याच निकालाने रुंद केला, हे मात्र आमच्या बाजूचे सोयीने विसरतात.)

आणि तुमची ती दोन मिनिटांची चाचणी! एक्झॉस्टमधला व्हॉल्व्ह उभ्या गाडीत बंद असतो, भार पडला की उघडतो. मोटारसायकलवाले डीबी किलर (एक्झॉस्टच्या तोंडात बसणारा, काढता येणारा आवाजरोधक तुकडा) बसवून पास होतात, मग एक बोल्ट ढिला केला की तो बाहेर. सायलेन्सरमधलं फायबरग्लासचं पॅकिंग जळत जातं, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला पास झालेली गाडी शेवटी तशी राहत नाही. टायरची किंकाळी आणि लाउडस्पीकर तर या चाचणीत येतच नाहीत. लगुना सेकाला एक्झॉस्ट पाइपाच्या टोकाला कोपर (वाकडा जोड) लावून तोंड मापकाच्या उलट दिशेला वळवतात. काटा खूश, पलीकडच्या घरांना आवाज तेवढाच.

पिटलेन
कोपराचं खरं आहे, नाकारत नाही. म्हणूनच उभी चाचणी आणि ट्रॅकच्या कडेचा मापक दोन्ही लागतात. पण ‘गाड्या कमी करा’ ही नगरसेवकांची आवडती मागणी निव्वळ अडाणीपणाची आहे. २० गाड्यांच्या १० केल्या तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, ५ केल्या तर ६. त्यापेक्षा चांगला सायलेन्सर एका गाडीमागे १० डेसिबल सहज काढतो. झाडांच्या रांगाही फारसं काही अडवत नाहीत. मातीचा बांध घाला, ट्रॅकला जमेल तितका खेटून आणि घरातून ट्रॅक दिसणार नाही इतका उंच.

माझा पर्याय दिवसांच्या कोट्याचा. इंग्लंडमधल्या क्रॉफ्ट ट्रॅकच्या खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने २००९ मध्ये गोंगाटाचे दिवस वर्षाला ४० वर आणले. नेदरलँड्समधल्या झँडव्हुर्ट ट्रॅकला आवाजाची मर्यादा नसलेले १२ दिवस मिळतात. लोकांना तारखा आधीच कळतात.

खिडकीबंद
४० दिवस म्हणजे २० शनिवार-रविवार. उन्हाळा संपला की! कोट्याबरोबर ‘सलग दोन आठवडे नाही’ ही अट नसेल तर तो कोटा कुचकामी. शिवाय खऱ्या जाचाच्या असतात त्या ‘शांत’ दिवसांतल्या ट्रॅक डे (हौशी लोक आपापल्या गाड्या ट्रॅकवर पळवतात ते दिवस), सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

ध्वनिमापक
सरासरीची मेख इथेच आहे. घरापाशी एक मिनिट ७० डेसिबल आणि बाकी शांतता, तर १५ मिनिटांची सरासरी ५८ येते, तासाची ५२. आवाज तोच, पण तासाचा नियम असेल तर ट्रॅक पास. नियमाच्या मसुद्यात ‘१५ मिनिटे’चं ‘एक तास’ झालं की बातमीत कुणाला कळतही नाही, राजकारण तिथेच होतं. म्हणून सरासरीसोबत कमाल पातळीही बांधून द्यावी.

पिटलेन
कमाल पातळी चालेल, पण मापक कुणाच्या ताब्यात? लगुना सेका तर खुद्द माँटेरे कौंटीच्या मालकीचा. भाडं घेणारी तीच, नियम लावणारीही तीच. २०२३ च्या अखेरीस रहिवाशांच्या गटाने कौंटीवर दावा लावला तो उगीच नाही. मापक तिसऱ्याच्या हाती द्या, पहिल्या दर्जाचा. सत्राच्या आधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने (ठरलेल्या पातळीचा आवाज काढणाऱ्या उपकरणाने) तपासा, अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक आला तर त्या सत्राचे आकडे बाद.

खिडकीबंद
बाद का? मापक ट्रॅकच्या फायद्याचं, म्हणजे कमी दाखवत असेल आणि तरी मर्यादा ओलांडलेली असेल, तर ते आकडे तुम्ही आनंदाने बाद कराल, आम्ही कशाला?

ध्वनिमापक
फरक कुठल्या बाजूचा हे कॅलिब्रेटर सांगतोच, तो जाहीर करा. आणि मापक भिंतीपासून निदान साडेतीन मीटर दूर ठेवा. भिंतीपासून मीटरभरावर ठेवला तर परावर्तनाचे साधारण ३ डेसिबल फुकट वाढतात आणि ट्रॅकच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.