गुडघ्याच्या झिजेवर स्टेम सेल: परवानगी आहे, मग हरकत काय?

सड्यावरचा: 2022मध्ये औषध महानियंत्रकांनी स्टेम्प्यूसेल या तयार स्टेम सेल औषधाला गुडघ्याच्या झिजेसाठी मंजुरी दिली. दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या अडीच कोटी पेशी, सांध्यात एकच इंजेक्शन, सोबत सांध्याला वंगण देणारं हायलुरोनिक आम्ल. 146 रुग्णांच्या चाचणीत वर्षभर वेदना कमी राहिल्या. ग्रेड 2-3चा, म्हणजे एक्स-रेवर मध्यम झिजलेला गुडघा असेल तर सांधा बदलायची वेळ पुढे ढकलावी की.

बंदरपट्टी: वेळ पुढे ढकलते हे कुठून काढलंत? वर्षभराच्या चाचणीतून ते कळत नाही. एमआरआयवर नवी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, उगवल्याचंही दिसलं नाही. 2023चा नेचर मेडिसिनमधला अभ्यास बघा: 475 रुग्ण, तीन प्रकारच्या पेशी आणि समोर साधं स्टिरॉइड. वर्षाअखेर एकही पेशी वरचढ नाही!

सड्यावरचा: त्या तिनांत स्टेम्प्यूसेल नव्हतंच. आणि स्टिरॉइड म्हणजे काय अमृत? दर तीन महिन्यांनी दोन वर्षं टोचलं तर कूर्चा जास्त झिजते, हे 2017मध्येच दिसलंय.

पाखाडी: तुम्ही मंजूर औषधावर भांडताय, पण तालुक्याच्या शिबिरात विकतात ते निराळंच. कमरेच्या हाडातून साधारण 60 मिली मज्जा ओढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, हाती सहा-सात मिली उरतं. त्यात कामाची पेशी दहा हजारांत जेमतेम एक. तीही सुई जागची हलवत थोडं थोडं ओढलं तर. एकाच जागी ओढत बसलं की पहिल्या काही मिलींनंतर नुसतं रक्त येतं. काही ठिकाणी तर दंडातलं रक्त फिरवून पीआरपी (रक्तातल्याच प्लेटलेटचा द्राव) देतात आणि पावतीवर स्टेम सेल लिहितात. म्हणून आधी विचारा: हाडातून काढणार की हातातून? तयार औषध असेल तर कुपीवरचा बॅच नंबर बघू द्या. ती द्रव नायट्रोजनच्या डब्यातून येते, 37 अंशांच्या पाण्यात वितळवतात. साध्या फ्रीजमधून काढली तर उठून घरी जा.

बंदरपट्टी: हे पटलं. पण पाय धनुकलीसारखे वाकलेले असतील तर अस्सल कुपीही फारशी कामाची नाही, भार आतल्या बाजूलाच पडत राहतो. आधी वजन उतरवा: एक किलो घटलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी. पाय सरळ उचलून दहा सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. अडाळ्यावर (विळीवर) बसणं बंद, ओटा वापरा.

सड्यावरचा: आणि भाताची लावणी? ती काय ओट्यावर करायची?

पाखाडी: ग्रेड 4, म्हणजे गुडघा पार झिजलेला असेल तर हा वादच सोडा, सांधा बदलायचं बघा. 2017पासून कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी होती. ऑपरेशनचा खर्च मात्र वेगळा.